लोखंड काही उगवत नसतं

विनू,

तुझे दोन मिस्ड कॉल अजून माझ्या फोनमध्ये आहेत. एक तीन वाजून दहा मिनिटांचा, दुसरा त्याच्या पाठोपाठचा. दोन्ही वेळा तुझं नाव मला दिसलं होतं. मी फोन टेबलावर पालथा घातला आणि समोर बसलेल्या माणसाशी कोंड्याच्या गाड्यांबद्दल बोलत राहिलो. मला वाटलं, पुन्हा तोच वाद. चार दिवस आपण धड बोललो नव्हतो आणि त्या दुपारी भांडायचं माझ्यात त्राण नव्हतं. साडेपाचला माधुरी वहिनींचा फोन आला, तो मात्र मी उचलला.

तू घरी येऊन खुर्चीत बसलास, चहा मागितलास आणि चहा येईपर्यंत गेला होतास. वहिनी एवढंच सांगू शकल्या. मी ग्वारीघाटाच्या स्मशानात तुला पोचवलं, परत आलो, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. प्लांटच्या ग्रुपवर लोक लिहीत होते, 'शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व'. ते वाचून मला हसू आलं. तू आणि शांत! सोळा वर्षांत एक आठवडा असा गेला नाही की तू माझ्या केबिनचं दार ढकलून, 'काहून रे पुणेकर, आज कोणत्या पाइपचा जीव घेऊन राहिला?' असं विचारलं नाहीस. मी सांगलीचा. पण तुझ्या लेखी नागपूरच्या पलीकडे जे काही आहे ते सगळं पुणंच.

तुझ्यावर लिहायला मी बसलो ते कौतुक करायला नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मलाच तेराव्याच्या दिवशी कळली.

आपलं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर तू नेहमी एकाच वाक्यात सांगायचास: 'हा चालवतो, मी झिजलेलं मोजतो.' भाताच्या कोंड्याचं कच्चं तेल आंबट असतं. ते टॉवरमध्ये तापवून त्यातलं अ‍ॅसिड काढायचं, हा माझा धंदा. आणि ते गरम अ‍ॅसिड जाता जाता पाइपचं लोखंड खातं, जितकं गरम तितकं जास्त खातं, हा तुझा. किती तापवलं म्हणजे तेलही निघेल आणि पाइपही टिकतील, तो आकडा ठरवायला आपण दोघं एका कागदावर सही करायचो. खरं सांगायचं तर सोळा वर्षं आपली दोस्ती त्या कागदावरच चालली.

तू मला दोन रेघा शिकवल्यास. तापमानाच्या तबकडीवर लाल रेघ कंपनीची होती. ती ओलांडली की भोंगा वाजतो, पंप आपोआप बंद पडतो, सगळे धावतात. पिवळी रेघ तुझी, लालच्या बरीच खाली. 'लाल ओलांडली तर लगेच बोंबाबोंब होते, म्हणून तिला सगळे घाबरतात,' तू म्हणायचास. 'पिवळी ओलांडली तर काहीच होत नाही. आज नाही, उद्या नाही. चहा प्यायचा, घरी जायचं. म्हणून खरं भ्यायचं ते पिवळीला.' ती रेघ तू नेलपॉलिशने काढायचास, कारण साधा रंग त्या उष्णतेत तडकायचा. पिवळं नेलपॉलिश शोधायला आपण बडा फुहाऱ्याच्या बाजारात चार दुकानं पालथी घातली होती. दुकानदाराने विचारलं, 'भाभीजी के लिए?' तर तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, 'नहीं भैया, मशीन के लिए. भाभीजी तो बिना पॉलिश के भी लिमिट में रखती हैं.' मी रस्त्यातच हसत सुटलो होतो.

ही भीती तुला घरातून मिळालेली होती. तू खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरात वाढलेला. कामावरून घरी आल्यावरही तुझे वडील खिशात माचिस ठेवायचे नाहीत, देवापुढची समईसुद्धा आईलाच लावायला सांगायचे. तुला लहानपणी त्यांची गंमत वाटायची. पुढे तू स्वतः तसाच झालास आणि मग गंमत मला वाटायला लागली.

पहिल्या वर्षीचं मी विसरलेलो नाही. मी एक व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू केला आणि तो जाळला. मालकांसमोर मी उभा होतो आणि तू आत येऊन म्हणालास, 'तपासून द्यायचं काम माझं होतं, साहेब, राहून गेलं.' राहून वगैरे काही गेलं नव्हतं. माझी नोकरी तुझ्या त्या एका वाक्यावर टिकली, आणि बाहेर आल्यावर तू फक्त, 'चलो, समोसा खिलाओ' एवढंच म्हणालास.

यंदा कोंडा भिजलेला आला. भिजलेल्या कोंड्याचं तेल जास्त आंबट, म्हणजे ते जास्त तापवायला हवं, आणि मधे तुझी पिवळी रेघ. मालक रोज विचारायचे की माल का मागे पडतोय. अशात बाहेरच्या एजन्सीकडून सहामाही मोजणीचा कागद आला. टॉवरच्या खालच्या प्लॅटफॉर्मवर गरम तेलाच्या पाइपचा जो बेंड, म्हणजे वळण, आहे, ज्याची तुला सगळ्यात जास्त काळजी असायची, त्याची जाडी मागच्या वेळी साडेचार मिलिमीटर होती. या वेळी सव्वासहा. मी कागद घेऊन जवळजवळ धावतच तुझ्याकडे आलो.

'बघ,' मी म्हणालो, 'तू उगीच भीत होतास. बेंड ठणठणीत आहे, रेघ वर नेऊ.'

तू चष्मा वर केलास, कागद बघितलास आणि मला वाटलं होतं तसा हसला नाहीस.

'साडेचारचे सव्वासहा कसे झाले?'

'आधीची मोजणी चुकली असेल. या वेळी नवी एजन्सी आहे, यंत्रं चांगली आहेत.'

'भाऊ, लोखंड काही उगवत नसतं. भाजी थोडीच आहे, कापली की पुन्हा फुटायला? कमी झालं असतं तर मी झोपलो असतो. वाढलं, म्हणून भीती वाटून राहिली मला.'

'म्हणजे चांगला आकडा आला तरी तुला पंचाईतच!'

'एक दिवस बंद कर. पाइपवरचा पूर्ण पत्रा काढून बेंड चारी बाजूंनी मोजू दे. एकच दिवस मागून राहिलो.'

'हंगामात? दिवाळीला करू.'

'तर मग रेघ वर नाही जाणार. मी सही नाही करत.'

तू सही केली नाहीसच. मी एकट्याने केली, खाली 'तात्पुरते' असं लिहून. दुसऱ्या दिवशी तू यायच्या आधी मी ब्लेडने तबकडीवरची तुझी पिवळी रेघ खरवडली आणि तुझ्याच ड्रॉवरमधल्या बाटलीने बोटभर वर नवी ओढली. माझा हात तुझ्याइतका सरळ नाही, रेघ वाकडी आली. तू ती पाहिलीस. सोळा वर्षांत तू पहिल्यांदा काही बोलला नाहीस, आणि मी त्याचा अर्थ लावला की तू फुगलास.

नंतरचे चार दिवस आपण कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो. पाचव्या दिवशी तुझे ते दोन फोन आले.

त्या दुपारी आणखी एक फोन आला होता, तो मी उचलला होता. शिफ्टवरच्या तिवारीचा. 'सर, विनायक सर बोल रहे हैं, टेम्परेचर पुरानी लाइन पे ले आओ. क्या करूँ?' मी त्याला म्हणालो, 'लिमिट का कागज़ मेरे नाम का है. जैसा चल रहा है चलने दो.' तिवारीने नंतर मला सांगितलं की तू टॉवरवरून उतरलास तेव्हा घामाने निथळत होतास. जाडी मोजायच्या यंत्राची, तुझ्या डी-मीटरची, पेटी छातीशी धरली होतीस. तो म्हणाला, सर बसा, पाणी घ्या. तू म्हणालास, 'पुणेकरला सांग, मला फोन करायला. त्यालाच सांगतो.' गुडघ्यांमुळे दोन वर्षं तू टॉवर चढला नव्हतास. त्या दिवशी का चढलास ते मला तेराव्याला कळलं.

त्याआधी तुझी शोकसभा झाली. प्लांटमध्येच, शिफ्ट बदलताना, म्हणजे सगळ्यांना येता यावं. ऊन फार होतं म्हणून जागा मी निवडली, टॉवरच्या प्लॅटफॉर्मखालची सावली. टेबलावर तुझा फोटो, झेंडूचा हार. दोन्ही शिफ्टचे लोक, ऑफिसातल्या मुली, कँटीनचे काका, वहिनींना घेऊन आलेला तुझा भाऊ, सगळे दाटीवाटीने त्या सावलीत उभे राहिले. दोन मिनिटं शांतता पाळली. डोक्यावर पंपाचा आवाज चालू होता. मला आठवतं, डोळे मिटून मी तो आवाज ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, विनू, बघ, नव्या रेघेवर किती छान चाललंय. बेंड बरोबर आमच्या डोक्यावर होता.

तेराव्याला जेवणं झाल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या हातात डी-मीटरची पेटी होती. 'भाऊजी, ही यांच्या स्कूटरच्या डिक्कीत राहिली होती. कंपनीची आहे ना? महाग असेल. मला काल सापडली.' मी म्हटलं, मी जमा करतो. पेटी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, 'त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या एकच बोलून राहिले होते, पुणेकरचा फोन आला का. तुमचं काही भांडण झालं होतं का?'

मी म्हणालो, 'नाही वहिनी. कामाचं होतं.' खोटं बोललो.

तुझ्या घराच्या ओट्यावर बसून मी यंत्र चालू केलं, फक्त बॅटरी ठीक आहे का बघायला. त्याला तू गरम पाइपवर चालणारा प्रोब लावला होतास, म्हणजे पाइपला टेकवायचं टोक; ते पाच सेकंदांच्या वर टेकवायचं नसतं. मेमरीत शेवटची नोंद होती. त्या दिवसाची, दुपारी तीन वाजून दोन मिनिटांची. त्या बेंडचा नंबर आणि पुढे तू टाकलेला एक शब्द, 'पाठ'. म्हणजे बेंडची बाहेरची बाजू, जिथे तेल येऊन आदळतं, जिथे लोखंड सगळ्यात आधी जातं. आकडा होता दोन पॉइंट चार.

आणि तूच मला शिकवलं होतंस की पाइप गरम असला की यंत्र असेल त्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतं.

ओट्यावर बसल्या बसल्या मला सगळं आठवलं, विनू, आणि हीच ती सांगायची राहिलेली गोष्ट. पाइपवर इन्सुलेशन आणि पत्रा असतो, म्हणून मोजणीसाठी पत्र्यात झाकणाची एक छोटी खिडकी कापलेली असते. तू ती पाठीवर कापून घेतली होतीस, कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशी. मागच्या विश्वकर्मा पूजेच्या आधी तू मुलीच्या लग्नासाठी नागपूरला गेला होतास. त्याच आठवड्यात एजन्सीचा एक माणूस शिडीवरून घसरला. पाय मुरगळला, नशीब तेवढ्यावर भागलं. पूजेसाठी नवीन पत्रा चढत होता. मी पत्रेवाल्याला म्हणालो, 'ये खिड़कियाँ ऐसी जगह काटो जहाँ प्लॅटफॉर्म से हाथ पहुँचे. पुरानी बंद कर दो.' मला वाटलं, मी माणसांची काळजी घेतो आहे. पूजेला सगळ्या पाइपांवर नवा पत्रा चमकत होता, पंपाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी ते दोन वाक्यांचं बोलणं विसरून गेलो. तुला सांगितलंच नाही. मोजणीवाले प्लॅटफॉर्मवर आरामात उभे राहून बेंडच्या अलीकडचा सरळ पाइप मोजत राहिले, जो अजून धडधाकट होता. कागदावर नाव मात्र बेंडचं. लोखंड उगवलं नव्हतं. मी खिडकी हलवली होती.

मी तिथूनच तिवारीला फोन लावला.

'सर, सब बढ़िया. एकदम स्टेडी चल रहा है,' तो म्हणाला.

'बंद करा.'

'जी?'

'पंप बंद. हीटर बंद. टॉवरच्या खाली कोणी उभं राहायचं नाही, कोणीही नाही.'

'मालिक से पूछ लूँ एक बार?'

'मी सांगतो त्यांना. तू आधी बंद कर, तिवारी, आणि बंद झाल्यावर मला फोन कर.'

त्याचा फोन यायला नऊ मिनिटं लागली. ती नऊ मिनिटं मी तुझ्या दारात चपला शोधत होतो. पायात एक माझी आणि एक तुझ्या भावाची चप्पल घालून मी निघालो हे मला प्लांटवर पोचल्यावर दिसलं.

पाइप थंड व्हायला दीड दिवस लागला. बेंड कापून खाली आणला. सगळ्यात पातळ जागा तू मोजलेल्या जागेच्या खाली बोटभर अंतरावर होती. तिथे लोखंड वहीच्या पुठ्ठ्याएवढं उरलं होतं. आतून इतकं गुळगुळीत की हात लावावासा वाटत नाही. तेवढं तापलेलं तेल अंगावर आलं असतं तर त्या सावलीतलं कोण वाचलं असतं, याचा हिशेब मी करायला गेलो आणि वहिनींपाशी येऊन थांबलो. त्या अगदी फोटोजवळ उभ्या होत्या.

शिडी लावून जुनी, बुजवलेली खिडकी उचकटलीस, तेव्हा तुला कळलं होतं का रे, कोणी हलवली ते? मला वाटतं, कळलं होतं. म्हणूनच तू तिवारीला आकडा सांगितला नाहीस. मला चारचौघांत तोंडघशी पाडायचं नव्हतं तुला, मलाच आधी सांगायचं होतं. तू असला भिडस्त, आणि मी फोन पालथा घालून बसलो. मला तुझा राग येतो, विनू. ओरडायला हवं होतंस. लाल रेघेसारखं ओरडायला हवं होतंस.

मालकांनी तिसऱ्या दिवशी बोलावलं. अहवालाचा मसुदा तयार होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तपासणी विभागाकडून मोजणीची जागा चुकीची निश्चित झाली.' म्हणजे तू. मालक वाईट माणूस नाहीत. शांतपणे म्हणाले, 'जो चला गया, उसको क्या फ़र्क पड़ता है? आपको तो यहाँ रहना है. नया बेंड लग गया, बात ख़तम.'

मी कागद पुढे ओढला आणि माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या वर्षीची ती केबिन आली. तेव्हा तू माझी चूक अंगावर घेतलीस, कारण ती तुझी मर्जी होती. या वेळी तुला कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगतो, तरीही माझा हात थोडा वेळ तिथेच राहिला. घराचे हप्ते, पोराचं शेवटचं वर्ष, सगळं आठवलं. मग आणखी एक गोष्ट आठवली. मी पत्रेवाल्याला 'ये खिड़की' म्हणालो नव्हतो. 'खिड़कियाँ' म्हणालो होतो. त्याने आणखीही हलवल्या असणार हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि चूक तुझ्या नावावर लागली की त्या कोणी शोधणारही नाही. नवा बेंड लागला, बात ख़तम.

मी ती ओळ खोडली आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण, हुद्द्यासकट. खिडक्या कशा हलवल्या तेही लिहिलं. मालकांनी ते वाचलं. मग म्हणाले, 'सोच लीजिए.' मी म्हणालो, सोचूनच लिहिलंय. माझं पुढे काय होईल माहीत नाही. बहुतेक हंगाम संपेपर्यंत ठेवतील.

वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना सांगायचं म्हणजे ते दोन कॉलही सांगावे लागतील. त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो.

हलवलेल्या खिडक्या चौदा निघाल्या. अकरा पाठींची मोजणी झाली. त्यांतली एक तुझ्या बेंडपेक्षाही वाईट होती, आणि त्या पाइपवर कागदात सगळं ठीक होतं. तीन राहिल्या आहेत, सगळ्यात वरच्या. एजन्सीवाले म्हणतात मचाण बांधायला आठवडा लागेल. मालक म्हणतात सोमवारी चालू करा, तीन जागा दिवाळीला बघू. 'दिवाळीला बघू', हे शब्द माझेच आहेत. मी त्यांना नाही म्हटलं आणि आज शनिवार आहे.

तेव्हा उद्या सकाळी शिडी लावून मीच चढणार आहे. तिवारी खालून शिडी धरेल. तो म्हणाला, 'सर, आप गिर गए तो?' तुझी पेटी माझ्याजवळ आहे, अजून जमा केलेली नाही. तबकडीवरची माझी वाकडी रेघ मी काल खरवडली आणि तुझ्या जागी पुन्हा रेघ काढली. बाटलीत थोडंसंच उरलं होतं, पुरलं. तिन्ही पाठींचे आकडे आले की तुझ्या नंबरावर फोन करीन. वहिनींनी तो अजून बंद केलेला नाही, फोन तुझ्या फोटोपाशी चार्जिंगला लावलेला असतो. तो वाजला की त्याच उचलतील. मग मला त्यांना सगळं सांगावंच लागेल.